रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षण

रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षण हे महाराष्ट्र राज्याच्या शालेय व उच्च शिक्षण व्यवस्थेचा भाग आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याचा साक्षरता दर ८२.१८ टक्के होता. शालान्त परीक्षांचे उत्तम निकाल हे येथील शिक्षणाचे एक वैशिष्ट्य असून प्राथमिक शाळांची घटती पटसंख्या ही प्रमुख समस्या आहे.

इतिहास

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीत झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत येथेच शिक्षक होते. एकोणिसाव्या शतकात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, तरी पुढील शिक्षणासाठी व परीक्षांसाठी दूरवर जावे लागे. दापोली तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सोबत्यांसह शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेले. वयाने लहान दिसतात, या कारणाने तेथे त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे महर्षी म्हणून गौरवल्या गेलेल्या कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली. दापोलीतील मिशनच्या शाळेत पां. वा. काणे आणि साने गुरुजी यांचे शिक्षण झाले.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना शाळेत वेगळे बसविण्याची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. वि. दा. सावरकर यांनी रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४–१९३७) सर्व जातींच्या मुलांना शाळेत सरमिसळ बसविण्यासाठी चळवळ केली.

प्राथमिक शिक्षण

१९६२ मध्ये जिल्हा परिषद अस्तित्वात आल्यापासून ग्रामीण भागातील बहुतांश प्राथमिक शाळा तिच्या अखत्यारीत आहेत. जिल्हा पातळीवर शिक्षणाधिकारी, तालुका पातळीवर गटशिक्षणाधिकारी आणि काही शाळांच्या समूहासाठी केंद्रप्रमुख अशी प्रशासकीय रचना आहे. प्रत्येक शाळेत पालकांचा सहभाग असलेली शाळा व्यवस्थापन समिती असते. मराठीबरोबरच उर्दू माध्यमाच्या शाळाही जिल्ह्यात आहेत.

येथील गावे एकवटलेली नसून डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांची बनलेली आहेत. पावसाळ्यात वहाळ व पऱ्हे भरून वाहतात आणि साकव पाण्याखाली गेल्यास जवळची शाळाही दुर्गम होते. त्यामुळे वाडीवस्तीवर लहान शाळा काढण्यात आल्या. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यान्वये महाराष्ट्रात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असणे अपेक्षित आहे. या कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. परिणामी अनेक ठिकाणी एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात.

माध्यमिक शिक्षण

माध्यमिक शाळा मुख्यतः खाजगी अनुदानित संस्था चालवितात. मुंबईस्थित चाकरमान्यांच्या ग्राममंडळांनी आपापल्या गावच्या शाळांना वेळोवेळी साहाय्य केले आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे पूर्वी कोल्हापूर विभागीय मंडळास जोडलेले होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ स्थापन झाले असून २०१२ पासूनच्या परीक्षांत हा विभाग निकालात सातत्याने अग्रेसर राहिला आहे. २०२५ मध्ये दहावीचा निकाल राज्यात ९४.१० टक्के, तर कोकण विभागात ९८.८२ टक्के लागला. बारावीचा निकाल अनुक्रमे ९१.८८ व ९६.७४ टक्के होता.

उच्च शिक्षण

रत्नागिरीतील गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाची स्थापना १९४५ मध्ये झाली. दापोली येथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ असून त्याच्याशी संलग्न मत्स्य महाविद्यालय १९८१ मध्ये शिरगाव येथे सुरू झाले. आंबा, काजू, भात व मासेमारी यांवरील संशोधन हे विद्यापीठाचे महत्त्वाचे कार्य आहे. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरीत आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले.

पटसंख्येचा प्रश्न

जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. ती २०११ मध्ये १६,१५,०६९ पर्यंत उतरली. रोजगारासाठी मुंबई-पुण्याकडे होणारे स्थलांतर, घटता जन्मदर आणि इंग्रजी माध्यमाकडे पालकांचा ओढा यांमुळे वाड्यांवरील शाळांचा पट कमी झाला. परजिल्ह्यांतून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने स्वगृही परतल्यावर पदे रिक्त राहतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविले. एका इयत्तेत एकदोनच मुले असल्यास खेळ, स्पर्धा व सहाध्यायन यांना वाव राहत नाही, तर मोठ्या शाळेत पुरेसे शिक्षक व साधने देता येतात, असे या योजनेचे समर्थक मानतात. विरोधकांच्या मते, डोंगराळ भागात वाहनसोय खंडित झाल्यास सर्वप्रथम लहान मुलांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण थांबेल. शिवाय एकदा बंद पडलेली वाडीवरची शाळा पुन्हा उघडणे कठीण असते.