पेटीतले टेनिस

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची सकाळ होती. अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, आणि बारामतीच्या आमच्या घरी मंडळी ओसरीवर पाय पसरून गप्पा मारीत बसली. नातू तेवढा कोपरा धरून मोबाइलवर डोळे लावून बसला होता. त्याचा अंगठा त्या काचेवर इकडून तिकडे झरझर सरकत होता. "काय चालले आहे रे?" म्हणून विचारले, तर मान वर न करता म्हणाला, "टेनिस, आबा. शेवटचा सेट आहे, थांबा जरा."

मला हसू आले आणि थोडा रागही आला. या मुलाने जन्मात टेनिसची रॅकेट हाती धरलेली नाही, आणि हा म्हणे शेवटचा सेट खेळतो आहे! पायाला धूळ नाही, अंगाला घाम नाही, मग हा खेळ कसला? असे मी बोलूनही दाखविले. पण माझी एक जुनी सवय आहे. एखाद्या गोष्टीवर तोंडसुख घेतले की मागाहून तिचा इतिहास धुंडाळावासा वाटतो. तसा तो धुंडाळला, तेव्हा माझा निम्मा राग खोटा ठरला. उरलेला निम्मा का टिकला, तेही सांगतो.

टेनिस हा मोकळ्या हिरवळीवर जन्मलेला खेळ, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. मध्ययुगात फ्रान्समधील मठांच्या अंगणांत तळहाताने चेंडू टोलविण्याचा एक खेळ चाले. पुढे हातमोजा आला, मग तातीची रॅकेट आली, आणि राजेरजवाड्यांनी या खेळासाठी चार भिंतींच्या खास इमारती बांधल्या. त्या खेळात भिंतीवरून परतलेला चेंडू चालतो. किंबहुना भिंत हा तेथला एक गडीच असतो. 1789 साली व्हर्साय येथे फ्रेंच लोकप्रतिनिधींना सभागृहाची दारे बंद आढळली, तेव्हा ते जवळच्या अशाच एका टेनिसच्या इमारतीत शिरले आणि देशाला राज्यघटना मिळेपर्यंत पांगावयाचे नाही, अशी शपथ त्यांनी तेथे घेतली. 'टेनिस' हा शब्दही बहुतेक अभ्यासकांच्या मते 'घ्या!' अशा अर्थाच्या एका फ्रेंच शब्दापासून आला आहे. चेंडू टाकताना समोरच्याला दिलेली ती हाक. ही हाक वाचकांनी ध्यानात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

भिंतींत कोंडलेला हा खेळ बाहेर आला तो एकोणिसाव्या शतकात. 1830 साली इंग्लंडात गवत कापण्याचे यंत्र निघाले. 1840 च्या दशकात गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची युक्ती साधली, आणि हिरवळीवर टप्पा खाऊन उसळणारा चेंडू मिळाला. बर्मिंगहॅमच्या दोघा मित्रांनी, हॅरी जेम आणि ऑगुरिओ पेरेरा यांनी, हिरवळीवर असा खेळ सुरूही केला होता. पण तो जगभर नेला मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड या गृहस्थाने. हा हिंदुस्थानात पलटणीबरोबर राहून गेलेला लष्करी माणूस. 1874 च्या फेब्रुवारीत त्याने पेटंट घेतले, आणि ते कशाचे? नव्या खेळाचे नव्हे, तर जुन्या टेनिससाठी कोठेही नेता येण्याजोग्या कोर्टाचे! एका लाकडी पेटीत जाळे, खांब, खुंट्या, रॅकेटी, चेंडू आणि नियमांची पुस्तिका. किंमत पाच गिनी. पेटी उघडा, जाळे ताणा आणि खेळू लागा. त्याचे कोर्ट डमरूसारखे कमरेत आवळलेले असे. 1877 साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली तेव्हा ते सरळ चौकोनी झाले: लांबी 78 फूट, रुंदी 27 फूट. ते माप एकेरीसाठी आजही चालते.

म्हणजे टेनिस जगभर गेले ते पेटीत बसून. बरोबर घेऊन फिरावयाचा, फावल्या वेळी अंगणात मांडावयाचा खेळ म्हणूनच ते विकले गेले. नातवाच्या हातात आज जी काचेची पेटी आहे, तिची ही पणजीच म्हणावयाची. माझा निम्मा राग येथे ओसरला.

साहेबाबरोबर ही पेटी हिंदुस्थानातही आली. पुण्याच्या छावणीला असल्या खेळांचे वावडे नव्हतेच. बॅडमिंटनला तर एके काळी 'पूना' याच नावाने ओळखीत. पण छावणीपासून पंचवीस-तीस कोसांवरच्या आमच्या मुलखात त्या वेळी काय चालले होते? विंगफील्डच्या पेटंटाला दोन वर्षे होतात न होतात तोच, 1876 साली, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे. भीमथडी आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारे. दुष्काळाच्या त्या वर्षांत नीरेच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले, आणि 1880 च्या दशकात त्याचे पाणी या भागात खेळू लागले. लंडनच्या श्रीमंतांच्या बागेत हिरवळीवर चेंडू उसळत होता, त्याच सुमारास आमच्याकडची माणसे पोटासाठी खडी फोडीत होती. हिरवळीला पाणी लागते. टेनिस आमच्या खेड्यांत का आले नाही, याचे पहिले उत्तर त्या पाण्यात आहे.

दुसरे उत्तर कुंपणात आहे. पुढे कालव्याने ऊस आणला, उसाने कारखाने आणले. इंदापूर तालुक्यात 1930 च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले. पाण्याचा प्रश्न काहीसा सुटला, तरी टेनिस सामान्य घराच्या आवाक्यात आले नाही. आमचे खेळ पाहा. कुस्तीला तांबड्या मातीचा हौदा पुरे, आट्यापाट्यांना आणि हुतूतूला जमिनीवर आखलेल्या रेघा, लगोरीला सात चपट्या खापऱ्या. तालमीत शड्डू ठोकावयाला शेतकऱ्याचा पोर निःसंकोच जात असे. टेनिस मात्र जिमखान्याच्या कुंपणाआड राहिले. पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखाना निघाला आणि साहेबांच्या क्लबाबाहेर मराठी माणसाला टेनिस खेळावयाला हक्काची जागा झाली. हा मोठाच पल्ला होता. पण तोही शहरातल्या सुशिक्षितांपुरता.

त्या वर्गातून काय निपजू शकते याचे एक उदाहरण सांगतो, कारण त्याचा धागा आमच्या वाटेवरून जातो. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामती-इंदापूरच्या रस्त्याने पंढरीला जाते. तुकोबांची गाथा 1869 साली ज्यांनी विद्वत्तेने संपादून छापविली, त्यांत शंकर पांडुरंग पंडित हे प्रमुख. त्यांची कन्या म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव. या बाई संस्कृतात काव्ये रचीत आणि टेनिसही खेळत. त्यांची मुलगी लीला राव हिने 1934 साली विंबल्डनमध्ये सामना जिंकला. तेथे विजय मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. घरात आईच्या हाती रॅकेट असली की मुलीला वाट केवढी सोपी होते! पण ज्या घरात आईच्या हाती खुरपे आहे, त्या घरातल्या मुलीने काय करावे?

तिला भिंत आहे. टेनिसच्या इतिहासात घरचा सराव हे प्रकरण मोठे मनोरंजक आहे. फ्रान्सचा रने लाकोस्त हा 1920 च्या दशकातला विजेता. एकट्याने सराव करता यावा म्हणून त्याने चेंडू फेकणारे यंत्रच तयार केले. क्रिकेटातला ब्रॅडमन लहानपणी घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांवर गोल्फचा चेंडू आपटी आणि परत येणारा तो चेंडू स्टंपाने टोलवी. सर्बियाची आना इव्हानोविच हिवाळ्यात बेलग्रेडच्या रिकाम्या पोहण्याच्या तलावात सराव करीत असे. 2008 साली तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली. आणि 2020 साली साथीने जग घराघरांत कोंडले, तेव्हा इटलीतल्या दोन मुली समोरासमोरच्या गच्च्यांवर उभ्या राहून मधल्या गल्लीवरून टेनिस खेळल्या. दगडी भिंतींत वाढलेल्या खेळाला भिंतीचा आधार पुन्हा मिळाला, एवढेच.

भिंत शिकविते तरी काय? जाळे मध्यावर 3 फूट उंच असते. तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ ओढावी आणि सात-आठ पावले मागे उभे राहावे. चेंडू जेवढ्या जोराने माराल तेवढ्याच लवकर तो परत येईल. म्हणून उतावळ्याची फजिती होते, आणि पाय हलवावेच लागतात. भिंत खुशामत करीत नाही. मात्र ती कधी चुकत नाही आणि कधी डावही टाकीत नाही. माणसाची जागा ती घेऊ शकत नाही.

आता राहिली काचेची पेटी. तीही वाटते तेवढी नवी नाही. 1958 साली अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एक गंमत मांडली. विजेच्या लहरी दाखविणाऱ्या यंत्राच्या लहानशा पडद्यावर एक आडवी रेघ, मध्ये जाळ्याची उभी रेघ आणि त्यावरून झेपावणारा प्रकाशाचा ठिपका. दोघांनी हातात एकेक खोके धरून कळ दाबावयाची. लोक रांगा लावून उभे राहिले. 1972 साली 'पाँग' नावाचा असाच खेळ नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रात आला आणि 1975 साली घरच्या दूरदर्शनसंचाला जोडण्याजोगा झाला. 2006 साली हातातला दांडा खरोखर फिरवून पडद्यावर टेनिस खेळण्याची सोय निघाली. पुढे स्मार्टफोन आले, आणि जाळे, खांब, चेंडू, सारे खिशात मावले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यंत्रावरचा खेळ म्हणून माणसाने अगदी आरंभी ज्या खेळांना हात घातला, त्यांत टेनिस होते. एक चेंडू, एक जाळे आणि दोन माणसे, इतका त्याचा मांड सुटसुटीत! या पेटीला जात नाही, वर्गणी नाही, कुंपण नाही. पंधरा, तीस, चाळीस ही गुणांची चमत्कारिक मोजणी माझ्या नातवाला तिनेच शिकविली. चेंडू कोपऱ्यात टाकला की समोरचा दमतो, हेही त्याला तिनेच सांगितले. हे काही थोडे नाही.

मग उरलेला निम्मा राग कसला? तो नातवावर नाही, आम्हा वडीलधाऱ्यांवर आहे. विंगफील्डची पेटी उघडली की माणसे अंगणात येत. ही पेटी उघडली की माणूस कोपऱ्यात जातो, कारण बाहेर त्याच्यासाठी आम्ही काही मांडलेलेच नाही. 2018 ते 2023 या काळात पुण्याच्या बालेवाडीत जगातले नामांकित खेळाडू पाच वेळा स्पर्धेला येऊन गेले. 2023 साली महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या जोडीने आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. बालेवाडी आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. पण शाळेच्या पटांगणात दोन खांबांना दोरी बांधावयाची आणि एका भिंतीवर रेघ ओढावयाची, याला बालेवाडी कशाला हवी? तालीम जशी गावाची असते, तशी एक भिंत आणि एक दोरी गावाची का असू नये?

असो. उपदेश करून थांबलो असतो तर मीही ओसरीवरच राहिलो असतो. भाऊबिजेच्या दुपारी मी बाजारातून दोन स्वस्तातल्या रॅकेटी आणि मऊ चेंडू आणले. परसातल्या नव्याने चुना दिलेल्या भिंतीवर खडूने रेघ ओढली. घरच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. नातू पहिल्या दहा फटक्यांत आठ वेळा चुकला आणि त्याला घाम फुटला. "मोबाइलात हे सोपे असते," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने भिंतीकडे पाठ करून, अंगणाच्या मधोमध वाळत घातलेल्या धोतराच्या पलीकडे तो उभा राहिला, चेंडू वर उडविला आणि मला हाक दिली,

"घ्या, आबा!"