चित्राबाहेरचा आवाज : निवेदन, प्रतिसाद आणि चाहत्यांची टीका

१

कोल्हापूरच्या वायव्येस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे देवस्थान आहे. रक्तभोज आणि रत्नासुर यांचा संहार करणारा, कोल्हासुराशी झुंजणाऱ्या महालक्ष्मीच्या साहाय्यास धावून जाणारा हा देव म्हणजे दख्खनच्या लोकमानसातील पराक्रमी नायक. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंच सासनकाठ्या नाचवल्या जातात, गुलालाने आसमंत भरून जातो आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हा घोष अखंड चालू राहतो. या सोहळ्यातील आवाजांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांत दोन जाती दिसतात. एक आवाज कथा सांगणाऱ्याचा. तो पोथी वाचणाऱ्याकडे, गोंधळ्याकडे किंवा डवऱ्याकडे परंपरेने आलेला असतो. सासनकाठ्यांचा क्रम जसा मानाने ठरलेला, तसाच हा आवाजही अधिकाराने बांधलेला आहे. दुसरा आवाज चांगभल्याचा. त्याला मान लागत नाही, वारसा लागत नाही. जो डोंगर चढून आला त्याचा तो आहे. पहिल्याला ‘निवेदन’ आणि दुसऱ्याला ‘प्रतिसाद’ म्हणता येईल.

दृश्याच्या जोडीने, पण दृश्याबाहेरून येणाऱ्या आवाजाचा इतिहास या दोन संज्ञांच्या आधारे मांडता येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी अमेरिकेत महानायकांच्या चित्रपटांवर चाहत्यांनी स्वतःचे भाष्य ध्वनिमुद्रित करण्याची प्रथा रूढ झाली. ती प्रथमदर्शनी केवळ तंत्रयुगाचे अपत्य वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे निवेदनाचा अधिकार कोणाचा, हा फार जुना प्रश्न उभा आहे. आणि मराठी भूमीने तो एकाहून अधिक वेळा अनुभवलेला आहे.

२

चित्र दाखवीत कथा सांगणाऱ्या ‘चित्रकथका’चा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात येतो. या परंपरेचा जिवंत धागा सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथे ठाकर समाजाने जपला. रामायण-महाभारतातील आख्यानांची सुटी चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने त्यांवर कथा उभी करायची, असे तिचे स्वरूप आहे. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. येथे चित्र अबोल असते. राक्षसाचे रूप कागदावर स्थिर आहे. त्याचा क्रोध, त्याचा पूर्वजन्म, त्याच्या वधाचे कारण हे सारे सांगणाऱ्याच्या वाणीतून येते. चित्रकथीची संहिता चित्रांच्या पोथीत अर्धीच असते; उरलेली अर्धी प्रत्येक प्रयोगात नव्याने घडते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या रचनेला प्रकाशाचे साधन मिळाले. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर हलवून दाखवली जात आणि संवाद, गाणी व निवेदन प्रत्यक्ष माणसे करीत. लूमिएर बंधूंचा चलच्चित्रपट मुंबईस १८९६ साली पोहोचला, त्यापूर्वीच पडद्यावरील चित्र आणि पडद्याबाहेरील आवाज यांची सांगड महाराष्ट्रात बसलेली होती.

३

मूकपटाला ‘मूक’ म्हणणे हे म्हणूनच फसवे आहे. चित्रगृहात हार्मोनियम-तबला होता, बहुभाषिक पाट्या मोठ्याने वाचणारा साक्षर प्रेक्षक होता, आणि अनेक ठिकाणी पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट समजावून देणारा निवेदकही होता. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मधील (१९१७) हनुमान आणि ‘कालियामर्दन’मधील (१९१९) बाळकृष्ण हे अचाट सामर्थ्याचे नायक होते, आणि त्यांच्या कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक होत्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ (१९२०) सादर केला. त्यातील भीमाने केलेला कीचकवध इतका प्रत्ययकारी ठरला, की पुढे त्या दृश्याला सरकारी कात्री लागली. पडद्यावरील भीम एक शब्दही बोलत नव्हता. तरीही कीचकाने काय केले आणि त्याला हे शासन का मिळते आहे, हे प्रेक्षक जाणून होता; कीर्तनातून आणि पोथीतून कानांवर आलेली कथा तो त्या चित्रावर मनाशी ठेवीत होता.

जपानमध्ये अशा निवेदकाला ‘बेन्शी’ म्हणत. त्याची कीर्ती नटनट्यांच्या तोडीची असे, आणि लोक विशिष्ट बेन्शीसाठी विशिष्ट चित्रगृहात जात. बोलपट आल्यावर या व्यवसायावर गदा आली. बेन्शींनी संप केले, ते निष्फळ ठरले. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले बंधू हेइगो हे बेन्शी होते. या पडझडीच्या काळात, १९३३ साली, त्यांनी आत्महत्या केली. पण बेन्शींच्या निवेदनाच्या ध्वनिमुद्रिका जपानमध्ये निघाल्या होत्या, आणि त्यांतील काही आजही ऐकता येतात. मराठी चित्रगृहातील निवेदकाच्या वाणीला असा मुद्रित अवशेषांचा संग्रह लाभला नाही.

महाराष्ट्रातील स्थित्यंतर एकाच कथेच्या दोन रूपांत स्पष्ट दिसते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला तेव्हा हरिश्चंद्राचे दुःख पडद्याबाहेरच्या आवाजाकडे सोपवलेले होते. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. या संस्थेने १९३२ साली तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात सांगितली. आता राजा स्वतः बोलू लागला. ही निःसंशय मोठी प्राप्ती होती. परंतु तिच्याबरोबर निवेदनाची जागाच चित्रपट्टीत बंदिस्त झाली. चित्रगृहातील माणसाकडे उरला तो केवळ प्रतिसाद : टाळी, शिट्टी, हुंदका.

४

ही जागा अर्ध्या शतकानंतर पुन्हा उघडली. १९८४ साली अमेरिकेत क्रायटेरियन या संस्थेने ‘किंग काँग’ (१९३३) हा चित्रपट लेझर चकतीवर आणला. चकतीवर ध्वनीसाठी एक जादा मार्ग उपलब्ध होता. त्यावर चित्रपट-अभ्यासक रोनाल्ड हेव्हर यांनी दृश्यागणिक भाष्य केले. पहिला भाष्यकार दिग्दर्शक नव्हता, संशोधक होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. डीव्हीडीच्या प्रसारानंतर मात्र ही जागा बहुतांशी दिग्दर्शक, लेखक आणि नट यांच्याकडे गेली. ‘सुपरमॅन’ (१९७८) या चित्रपटाच्या २००१ सालच्या आवृत्तीवर दिग्दर्शक रिचर्ड डॉनर आणि लेखनसाहाय्य करणारे टॉम मॅनकीविट्झ यांचे भाष्य आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली ज्याच्या मृत्यूची घोषणा केली तो लेखक या चकत्यांवर सुखरूप परतला, आणि आपल्या कृतीचा अर्थ प्रत्येक दृश्याबरोबर स्वतःच सांगू लागला.

चाहत्यांचे ध्वनिमुद्रित भाष्य हे या परतीला दिलेले उत्तर होते. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००२ साली असे सुचवले, की सामान्य रसिकांनीही स्वतःचे भाष्य मुद्रित करून इतरांना द्यावे. या भाष्याची कार्यपद्धती साधी होती. भाष्याची ध्वनिफीत स्वतंत्र असे. चित्रपटाची प्रत तिच्यासोबत नसे, त्यामुळे चित्र वा मूळ ध्वनी यांची नक्कल करावी लागत नसे. ऐकणाऱ्याने आपली चकती लावायची, निर्मितीसंस्थेचे चिन्ह पडद्यावर येताच ठरलेल्या क्षणी ध्वनिफीत सुरू करायची, आणि दोन्ही समांतर चालू द्यायची. दूरदर्शनवर क्रिकेटचा सामना पाहताना संचाचा आवाज बंद करून आकाशवाणीवरील मराठी समालोचन ऐकण्याची सवय ज्यांना होती, त्यांना या युक्तीत नवल वाटणार नाही.

महानायकांचे चित्रपट या प्रकाराला विशेष मानवले, याला कारण आहे. सुपरमॅन १९३८ सालचा, स्पायडरमॅन १९६२ सालचा. त्यांच्या कथा चित्रमालिकांच्या शेकडो अंकांतून, अनेक लेखक-चित्रकारांच्या हातून, परस्परविसंगत रूपांत वाढल्या. चित्रपट त्या विस्तारातून एक वाट निवडतो. बाकीच्या वाटा चाहत्याच्या स्मरणात असतात. त्यामुळे भाष्य करणारा चाहता सतत संदर्भ देतो : हा प्रसंग कोणत्या अंकातून आला, येथे कोणते पात्र गाळले, हा पोशाख कोणत्या चित्रकाराचा. पुराणिक एका श्लोकावर थांबून दुसऱ्या पुराणातील कथाभेद सांगतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. २०२० साली ‘दख्खनचा राजा जोतिबा’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. ‘केदारविजय’ ऐकत वाढलेला प्रेक्षक ती पाहताना घरातल्या घरात हेच करू शकतो : पोथीत काय आहे आणि पडद्यावर काय आले, याची पडताळणी. फरक इतकाच, की अमेरिकन चाहत्याने आपली पडताळणी मुद्रित केली आणि तिला निवेदनाचे रूप दिले.

५

चाहत्यांच्या भाष्याचे सैद्धांतिक महत्त्व येथे आहे. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली चाहत्यांचे वर्णन संहितेत शिरकाव करून हवे ते उचलून नेणारे वाचक असे केले, तर स्टॅन्ली फिश यांनी १९८० साली अर्थनिर्णयनाचा अधिकार वाचकसमूहाच्या संकेतांकडे दिला. या दोन्ही मांडण्या वाचकाला सक्रिय मानतात. पण तो कोणत्या जागेवरून बोलतो, या प्रश्नाला त्या पुरेसे उत्तर देत नाहीत. चाहत्यांच्या भाष्यात घडते ते जागेचे स्थलांतर आहे. ज्यांच्याकडे केवळ चांगभल्याचा अधिकार होता, ते पोथी सांगणाऱ्याच्या आसनावर बसतात. त्यांचा आवाज कृतीच्या शेवटी येत नाही. तो कृतीच्या कालावधीतच, तिच्या प्रत्येक क्षणाला खेटून चालतो.

या स्थलांतराचे सरसकट गौरवीकरण करणे मात्र धोक्याचे ठरेल. गोंधळ्याच्या अधिकारामागे दीर्घ शिक्षण असते, विधीची शिस्त असते आणि श्रोत्यांपुढील उत्तरदायित्व असते. चाहत्याच्या ध्वनिफितीत यांपैकी काहीही नसण्याची शक्यता आहे. ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ (१९८८) या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने चित्रपटावर शेरेबाजी करण्याची जी लकब रूढ केली, तिचा प्रभाव अनेक चाहत्यांवर पडला. परिणामी पुष्कळ भाष्ये थट्टेच्या पुढे जात नाहीत. मराठीत ‘टीका’ या शब्दाचा प्रवास याच दिशेने झालेला आहे. ज्ञानदेवांच्या ग्रंथाला गीतेवरील टीका म्हणताना जो अर्थ अभिप्रेत असतो, तो व्यवहारात मागे पडून दोषदर्शन हाच अर्थ बळावला. चाहत्यांच्या भाष्यात हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. कोणते भाष्य मुळाला उजळते आणि कोणते त्यावर नुसते स्वार होते, हे ठरवणे समीक्षेचे काम आहे. संपूर्ण प्रकारच उथळ म्हणून बाजूला सारल्यास ते काम टाळल्यासारखे होईल.

दुसरा प्रश्न पाठाचा आहे. टीका मुळाच्या विशिष्ट पाठाला बांधलेली असते. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रचौकटींच्या गतीने चालतो. पाल पद्धतीच्या चकतीवर तोच बहुधा पंचवीस चौकटींच्या गतीने उतरवला जाई. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट सुमारे पावणेपाच मिनिटे आधी संपे. अमेरिकन चकतीबरहुकूम मुद्रित केलेले भाष्य अशा चकतीबरोबर लावले, की दर दृश्यागणिक आवाज मागे पडत जाई, आणि खलनायक पडल्यानंतरही भाष्यकार त्याच्या आगमनाचीच चर्चा करीत राही. पुढे दिग्दर्शकाने दृश्ये वाढवून नवी आवृत्ती काढली, की जुने भाष्य निराधार होई. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण पाठ ढळला की अर्थही ढळतो याची त्यांना जाणीव होती. चाहत्यांच्या भाष्यांना असा पाठचिकित्सक लाभलेला नाही.

आणि तिसरा प्रश्न जतनाचा. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट चित्रपट्ट्यांचा मोठा साठा जळाला. त्या हानीची नोंद तरी झाली, कारण चित्रपट्टी ही वस्तू होती, तिला सूची होती. चित्राबाहेरच्या आवाजाला सूची नसते. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे शिल्लक आहेत, त्यावर बोलणाऱ्याचे शब्द नाहीत. ‘सैरंध्री’चे तर चित्रही गेले आणि वाणीही गेली. कीचकवधाच्या वेळी कोल्हापुरातील प्रेक्षागृहात नेमके काय बोलले गेले, यावरून त्या काळच्या मराठी आस्वादवृत्तीचा, पुराणकथेशी असलेल्या तिच्या नात्याचा जो पुरावा मिळाला असता, तो वाङ्मयेतिहासाला कायमचा अंतरला आहे.

चाहत्यांच्या ध्वनिफितींची गत वेगळी होण्याचे कारण नाही. त्या कोणत्याही ग्रंथालयाच्या नोंदवहीत येत नाहीत, आणि ज्या चकत्यांशी त्या जोडलेल्या आहेत त्या चालवणारी यंत्रेही घरोघरी विरळ झाली आहेत. सामान्य प्रेक्षकाने कृतीच्या क्षणोक्षणी केलेले अर्थनिर्णयन त्याच्याच आवाजात मुद्रित झाल्याचे प्रसंग इतिहासात फार नाहीत. वाचककेंद्री समीक्षेने आजवर बहुधा कल्पित वाचकावर विसंबून सिद्धांत रचले. येथे प्रत्यक्ष प्रेक्षक बोलत आहे. त्याच्या चुका, त्याचे अडखळणे, त्याचे अचूक पाठांतर यांसह बोलत आहे. ही भाष्ये मुळाच्या निश्चित आवृत्तीसह नोंदवून ठेवणे आणि टीकावाङ्मय म्हणून त्यांचे वाचन करणे, हे काम अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे. मूकपटाच्या निवेदकाच्या बाबतीत ते वेळेवर झाले नाही.