राजधानी पाहण्याचा क्रम : पांढुर्णा–सौंसर आणि नागपूर

सातपुड्याचे पठार छिंदवाड्याकडून सिलेवानी घाटाने खाली उतरते आणि कापूस-संत्र्याचा मुलूख सुरू होतो, त्या पट्ट्यात सौंसर आणि पांढुर्णा वसले आहेत. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा या दोन तहसिलींचा मिळून बनला आहे. राज्य मध्य प्रदेश असले तरी घराघरांतील बोली मराठी आहे. आणि जाम नदीचे पाणी जसे कन्हानला मिळून नागपूरच्या बाजूला वाहते, तशी येथील माणसाची मोठ्या शहराची ओढही तिकडेच राहिली आहे. नवख्या माणसाला नागपूर दाखवायचे म्हटले की महाराजबाग, अजब बंगला, सीताबर्डी, फुटाळा, दीक्षाभूमी अशी ठिकाणांची यादी त्याच्या हाती दिली जाते. ही ठिकाणे कोणत्या क्रमाने उभी राहिली आणि घाटाखालच्या या मुलखाशी त्यांचे नाते काय, हे त्या यादीत नसते. तो क्रम ध्यानात घेऊन शहर पाहिले, तर सौंसर-पांढुर्ण्याच्या पाहुण्याला तेथे स्वतःच्याच मुलखाचा इतिहास सापडतो.

या इतिहासाचा आरंभ नागपुरात होत नाही; तो आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातील देवगडच्या डोंगरी किल्ल्यावर होतो. देवगड ही गोंड राजांची राजधानी होती. तेथील बख्त बुलंद शाह या राजाने नाग नदीकाठच्या लहान वस्त्या एकत्र करून १७०२ च्या सुमारास नागपूर शहर वसवले. त्याच्यानंतर चांद सुलतानाने डोंगरावरील राजधानी सोडून या सपाटीवरच्या नव्या शहरात मुक्काम हलवला, शहराभोवती कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधवला. जुम्मा म्हणजे शुक्रवार. म्हणून हाच पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आज तो गांधीसागर या नावाने ओळखला जातो. कोटाचा एक दरवाजा महाल भागात अजून उभा आहे. जुना जुम्मा दरवाजा तो हाच, आजचा गांधी गेट. नागपूरदर्शनाची सुरुवात येथून करणे योग्य ठरते, कारण हे शहर वसवणारी सत्ता सातपुड्यावरून खाली आली होती आणि घाटाखालचा मुलूख तिच्या दोन्ही ठाण्यांच्या मध्ये पडत होता.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर देवगडच्या गादीवरून तंटा पेटला, तेव्हा त्याच्या राणीने रघूजी भोसले यांना मदतीला बोलावले आणि त्यातून काही वर्षांत राज्यकारभार भोसल्यांच्या हाती गेला. महालातील वाडे व मंदिरे, तेलंगखेडी, महाराजबाग ही त्यांच्या काळाची आठवण आहे. पेठांची नावेही पाहुण्याने लक्षपूर्वक वाचावीत: इतवारी, बुधवारी, शनिचरी ही नावे आठवड्याच्या वारांची आहेत, आणि वाराच्या बाजारावर जगणाऱ्या खेड्यातील माणसाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. महालाकडून पश्चिमेला गेले की सीताबर्डीची टेकडी लागते. नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांची फौज येथे इंग्रजांकडून हरली आणि त्यानंतर टेकडीवर किल्ला उभा राहिला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने वर्षातील मोजक्या राष्ट्रीय दिनांनाच तो सर्वांसाठी खुला होतो, हे आधी ठाऊक असलेले बरे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि वारस नाही असे ठरवून पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले, म्हणजे आपल्या मुलखाला जोडून घेतले.

१८६१ मध्ये मध्य प्रांत हा नवा प्रांत तयार झाला व त्याची राजधानी नागपूर ठरली. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातील सौंसरचा भाग याच प्रांतात होता. १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ झाले, कारण दूरदूरचे दगड, मूर्ती, शस्त्रे आणि पेंढा भरलेले प्राणी एका छताखाली पाहणे हेच तेव्हाच्या पाहुण्यासाठी अप्रूप होते. पुढे सिव्हिल लाइन्स भागात, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आखलेल्या वस्तीत, सचिवालय व विधिमंडळाच्या इमारती आल्या, १९२३ मध्ये विद्यापीठ आले आणि १९३६ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. शिक्षण, अपील, सरकारी अर्ज आणि मोठी खरेदी अशा अनेक कामांच्या वाटा या शहराकडे जात होत्या, आणि काम उरकून उरलेल्या वेळात शहर पाहायचे, हीच या भागातील पर्यटनाची जुनी रीत होती.

ही रीत रुजवण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये मुंबईच्या बाजूने पोहोचली. सौंसरला मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेच्या नॅरोगेज मार्गाने ती आली. नॅरोगेज म्हणजे दोन रुळांत अडीच फुटांचे अंतर असलेली लहान लाइन. छिंदवाड्याहून निघालेली गाडी रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, केळोद, सावनेर अशी थांबत थांबत इतवारी स्थानकात येई, आणि त्यामुळे सौंसरच्या पाहुण्याला नागपूरचे पहिले दर्शन बाजारपेठेच्या बाजूने घडे. पांढुर्णा नागपूर–इटारसी या मोठ्या मार्गावर असल्याने तेथील माणूस नरखेड, काटोल करीत थेट मुख्य स्थानकात, सीताबर्डीच्या पायथ्याशी उतरे. या स्थानकाची आजची इमारत १९२५ मधील आहे आणि तिचा दगड सावनेरचा, म्हणजे सौंसरच्या वाटेवरचा आहे. लहान लाइन रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने मोठ्या रुळांवर सुरू झाली.

१९५६ चे वर्ष या सगळ्या कथेला वळण देते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ते स्थळ आज दीक्षाभूमी म्हणून जगाला ठाऊक आहे. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशाची, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातून झालेल्या राज्याची, राजधानी होते. अवघ्या १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली: नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. नागपूर सौंसरपासून सुमारे ७० किलोमीटरवर होते तसेच राहिले. पण ज्या शहरात या भागाचा माणूस हक्काने अर्ज घेऊन जात होता, तेथे तो परराज्यातला पाहुणा झाला. भाषा, सोयरीक आणि बाजार मात्र सीमेने तोडले नाहीत. सौंसर-पांढुर्ण्याच्या बागांतील संत्रीही नागपुरी संत्री म्हणूनच ओळखली जातात.

सणांच्या तिथीतही हे एकत्व दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते, म्हणजे रोगराई आणि इडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या काळ्या व पिवळ्या पुतळ्यांची यात्रा होते. आणि त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. गोटमारीत दोन्ही काठांवरून दगड फेकले जातात, दरवर्षी माणसे जखमी होतात आणि आजवर जीवही गेले आहेत. म्हणून नवख्याने तिची परंपरा समजून घ्यावी, पण पात्राच्या जवळपास थांबू नये. उलट दिशेची वाटही तितकीच जुनी आणि जिवंत आहे: विदर्भातील भाविक सौंसरजवळच्या जामसावळी येथे पिंपळाखालच्या निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनाला येतात.

म्हणून प्रथमच नागपूर पाहणाऱ्या या भागातील माणसाने सकाळी जुम्मा दरवाजा, महाल आणि शुक्रवारी तलाव, मग सीताबर्डी व अजब बंगला, दुपारनंतर सिव्हिल लाइन्स आणि शेवटी दीक्षाभूमी असा क्रम धरावा. त्यात देवगड, भोसले, मध्य प्रांत आणि १९५६ हे टप्पे काळाच्या ओघाप्रमाणे पायाखालून जातात. सिव्हिल लाइन्समध्ये विधान भवनासमोर त्याने थोडे थांबावे. आज तेथे महाराष्ट्राचे हिवाळी अधिवेशन भरते. पण १९५२ च्या निवडणुकीनंतर छिंदवाडा जिल्ह्याचे सभासद याच शहरातील विधानसभेत बसत होते, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा कारभार येथून चालत होता, हे ठाऊक असलेल्या माणसाला ती इमारत परकी वाटत नाही.