फुकट मिळालं म्हणजे मुक्त झालं का? कॉलेजच्या अभ्यासासाठी ओईआर कसं वापरायचं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी आणि माझ्या रूममेटने एक उद्योग केला होता. आम्ही दोघेही दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. डेटा स्ट्रक्चर्स हा विषय इंग्रजीतून डोक्यात शिरायला वेळ लागत होता. नेटवर एका साइटवर त्याच्या छान नोट्स सापडल्या. लॉगिन नाही, पैसे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत बसून आम्ही त्यातली चाळीसेक पानं मराठीत उतरवली, आकृत्या तशाच ठेवल्या आणि एक ब्लॉग काढून सगळं त्यावर टाकलं. ज्युनिअर मुलं वाचायला लागली. पंधरा दिवसांनी मूळ साइटवाल्यांचा ईमेल आला: भाषांतराची परवानगी कोणालाही दिलेली नाही, ब्लॉगवरून काढून टाका.

चूक आमचीच होती. त्या साइटच्या तळाशी 'सर्व हक्क राखीव' असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आम्ही तिथपर्यंत कधी स्क्रोलच केलं नव्हतं. ब्लॉग बंद केला, सुट्टीतली सगळी मेहनत वाया. जास्त वाईट पुढे वाटलं, कारण याच विषयावर पॅट मोरिन यांचं 'ओपन डेटा स्ट्रक्चर्स' नावाचं अख्खं पुस्तक नेटवर आहे आणि त्याचं भाषांतर करायला, ते वाटायला उघड परवानगी आहे, हे मला नंतर कळलं. तेवढीच मेहनत त्या पुस्तकावर केली असती, तर ती आजही कोणाच्या तरी उपयोगी पडली असती.

म्हणून या लेखात मुक्त शैक्षणिक साधनं, म्हणजे ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस किंवा ओईआर, नक्की काय असतात, ती कशी ओळखायची आणि मोबाईलवरून अभ्यासाला कशी वापरायची ते पाहू.

ओईआर म्हणजे काय?

'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे नाव २००२ मध्ये युनेस्कोच्या एका बैठकीत ठरलं. २०१९ मध्ये युनेस्कोच्या सदस्य देशांनी याबद्दलची एक शिफारसही मंजूर केली. सोप्या भाषेत व्याख्या अशी: शिकण्या-शिकवण्याचं कोणतंही साहित्य, मग ते पुस्तक असो, व्हिडिओ असो, प्रश्नसंच असो की सिम्युलेशन, ज्यावरचा कॉपीराइट संपलेला आहे किंवा ज्याच्या मालकाने मुक्त लायसन्स देऊन ते वापरायची, बदलायची आणि वाटायची परवानगी आधीच देऊन ठेवली आहे.

यातला 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा. कॉपीराइट मिळवण्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. कोणी काही लिहिलं की तो आपोआप लागू होतो. त्यामुळे पानावर काहीच लिहिलेलं नसेल, तर 'सर्व हक्क राखीव' असंच समजायचं. मुक्त लायसन्स असेल तर मात्र लेखकाला ईमेल करून उत्तराची वाट बघावी लागत नाही.

एक गोंधळ इथेच मिटवू. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या नावातला 'मुक्त' प्रवेशाबद्दल आणि शिकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ओईआरमधला 'मुक्त' साहित्याच्या वापराबद्दल आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

पाच हक्क

डेव्हिड वायली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी मुक्त साहित्य ओळखण्यासाठी पाच हक्क सांगितले आहेत. एखादी गोष्ट खरंच मुक्त आहे का, हे या पाचांवर घासून बघायचं.

१. ठेवणं: स्वतःची प्रत कायमची डाउनलोड करून ठेवता येते.
२. वापरणं: वर्गात, ग्रुपमध्ये, स्वतःच्या व्हिडिओत वापरता येते.
३. बदलणं: भाषांतर, संक्षेप, उदाहरणं बदलणं चालतं.
४. मिसळणं: दोन-तीन ठिकाणचं साहित्य एकत्र करून नवीन काही करता येतं.
५. वाटणं: मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते.

आता तुमच्या फोनमधल्या गोष्टी आठवा. ॲपमध्येच दिसणारा आणि सबस्क्रिप्शन संपलं की गायब होणारा व्हिडिओ पहिल्याच हक्कात नापास होतो. टेलिग्रामवर फिरणारी महागड्या पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ फुकट मिळते खरी, पण ती वाटायचा हक्क वाटणाऱ्यालाच नसतो. आणि आमच्या त्या नोट्स? वाचायला खुल्या, पण बदलायला आणि वाटायला बंद.

लायसन्सची अक्षरं कशी वाचायची?

बहुतेक मुक्त साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे सीसीचं लायसन्स असतं. ही संस्था २००१ मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली लायसन्स २००२ च्या डिसेंबरमध्ये आली. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर किंवा वेबसाइटच्या तळाशी गोलात 'सीसी' असं चिन्ह आणि पुढे काही अक्षरं दिसतात. त्यांचे अर्थ असे:

बाय: मूळ लेखकाचं नाव द्या. सहाही मुख्य लायसन्समध्ये ही अट असतेच.
एसए: बदल करून वाटलंत, तर तुमचं कामही त्याच लायसन्सखाली ठेवा.
एनसी: पैसे कमावण्यासाठी वापरू नका.
एनडी: बदललेली प्रत वाटू नका. भाषांतर हाही बदलच.

यांच्या जोड्या लागून सहा लायसन्स होतात. सर्वात मोकळं 'सीसी बाय', सर्वात आवळलेलं 'सीसी बाय-एनसी-एनडी'. एनडी असेल तर पाच हक्कांमधले बदलण्याचे आणि मिसळण्याचे हक्क अडतात, म्हणून अशा साहित्याला सहसा ओईआर म्हणत नाहीत. याशिवाय 'सीसी झिरो' असतं, त्यात लेखकाने सगळेच हक्क सोडलेले असतात.

एकाच प्रकाशकाच्या दोन पुस्तकांवर वेगवेगळी लायसन्स असू शकतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं 'युनिव्हर्सिटी फिजिक्स' हे पुस्तक सीसी बाय ४.० आहे, तर त्यांचंच 'कॅल्क्युलस' सीसी बाय-एनसी-एसए ४.० आहे. पहिल्याचं मराठी रूपांतर छापून कोणी विकलं तरी चालेल, दुसऱ्याचं फक्त विनामूल्य वाटता येईल. म्हणून साइटचं नाव बघून थांबू नका, ज्या पुस्तकावर काम करणार त्याचं लायसन्स बघा.

कुठे काय मिळतं?

स्पोकन ट्युटोरियल, आयआयटी मुंबई: मराठी मुलांनी सुरुवात इथूनच करावी. सी, सी++, जावा, पायथन, लिनक्स, लेटेक, सायलॅब, लिब्रेऑफिस अशा गोष्टी शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ इथे आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजातही आहेत. निवेदन लेखी स्वरूपातही मिळतं. लायसन्स सीसी बाय-एसए. एका खिडकीत व्हिडिओ आणि दुसऱ्या खिडकीत सॉफ्टवेअर उघडून, बघता बघता स्वतः करायचं, अशी त्यांची पद्धत आहे.

एनपीटीईएल आणि स्वयम: एनपीटीईएल २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून सुरू केलं. इंजिनिअरिंगचा जवळपास प्रत्येक विषय इथे आहे. काही कोर्सेसच्या लेक्चरचा मजकूर मराठीतही मिळतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी स्वयम पोर्टलवर कला, वाणिज्य, विज्ञान, कायदा असे बाकीचे विषयही आहेत. कोर्स करायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते.

एमआयटी ओपनकोर्सवेअर: अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपले कोर्सेस नेटवर मोफत ठेवायची घोषणा केली. आज तिथे अडीच हजारांवर कोर्सेसचं साहित्य आहे. नावनोंदणी नाही, प्रमाणपत्रही नाही. लायसन्स सीसी बाय-एनसी-एसए. गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची लेक्चर्स इथलीच.

ई-पीजी पाठशाला: एमए, एमएस्सी, एमकॉम करणाऱ्यांसाठी यूजीसीने तयार करून घेतलेलं साहित्य.

ई-कुंभ: एआयसीटीईच्या या पोर्टलवर डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मराठी पुस्तकंही डाउनलोड करता येतात.

फेट: कोलोरॅडो विद्यापीठाची भौतिक, रसायन आणि गणिताची सिम्युलेशन्स. अनेक मराठीत आहेत आणि मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतात.

नॅशनल डिजिटल लायब्ररी: आयआयटी खरगपूरने बांधलेलं हे शोधायंत्र वेगवेगळ्या ग्रंथालयांमधलं साहित्य एका जागी शोधून देतं. पण शोधात दिसलेली प्रत्येक गोष्ट मुक्त असतेच असं नाही. लायसन्सची ओळ तिथेही वाचायची.

मोबाईलवर वापरायची माझी पद्धत

पहिलं, सिलॅबस समोर घ्या. युनिटमधले टॉपिक एकेक करून शोधा, अख्खा कोर्स शोधू नका. एमआयटीचा कोर्स तुमच्या विद्यापीठाचा पेपर समोर ठेवून बनवलेला नाही. चार युनिटपैकी दोन एका ठिकाणी सापडतील, तिसरं दुसरीकडे, चौथं कदाचित कॉलेजच्या पुस्तकातूनच करावं लागेल.

दुसरं, आधी मजकूर, मग व्हिडिओ. ट्रान्सक्रिप्ट किंवा पीडीएफ काही एमबीमध्ये येते. तासाभराच्या व्हिडिओला शेकडो एमबी जाऊ शकतात. मजकूर वाचून जिथे अडलं तेवढाच भाग व्हिडिओत बघा.

तिसरं, डाउनलोड करून ठेवा. ठेवण्याचा हक्क आहे तर तो वापरा. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलचं वायफाय काय करतं ते तुम्हाला सांगायला नको.

चौथं, फाइलच्या नावातच लेखक आणि लायसन्स लिहा. सहा महिन्यांनी 'नोट्स फायनल २' ही फाइल कुठून आणली होती, ते कोणालाच आठवत नाही.

पाचवं, यूट्यूबवर शोधताना फिल्टरमध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' निवडा. स्वतःच्या व्हिडिओत वापरायला चालतील असे व्हिडिओ वेगळे निघतात.

श्रेय कसं द्यायचं?

चार गोष्टी लागतात: कामाचं नाव, लेखक, लिंक आणि लायसन्स. बदल केला असेल तर तेही सांगायचं. आमच्या त्या ब्लॉगवर खरं तर असं काही असायला हवं होतं:

"मूळ: 'ओपन डेटा स्ट्रक्चर्स', लेखक पॅट मोरिन (पुस्तकाची लिंक). लायसन्स: सीसी बाय २.५ कॅनडा. मराठी भाषांतर आणि संक्षेप आमचा. तिसऱ्या प्रकरणातली उदाहरणं बदलली आहेत."

एवढ्या चार ओळी असत्या, तर तो ईमेल आला नसता. असाइनमेंटमध्ये वापरतानाही हेच. लायसन्स मोकळं आहे म्हणून दुसऱ्याचं लेखन स्वतःचं म्हणून देता येत नाही. परवानगी आणि प्रामाणिकपणा हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

वर्गात काय करता येईल?

मी आज कंपनीत ज्युनिअर मुलांना शिकवतो तेव्हा जाणवतं की ओईआरचा खरा फायदा एकट्याने व्हिडिओ बघण्यात नाही. प्राध्यापकांनी मुक्त पुस्तक निवडलं की पहिल्या दिवसापासून सगळ्या वर्गाच्या हातात तेच पुस्तक असतं. लायब्ररीतल्या चार प्रतींसाठी रांग लागत नाही. परिसरातली उदाहरणं घालून ते आपल्या सिलॅबसप्रमाणे कापता, जोडता येतं.

असाइनमेंटही बदलू शकते. दरवर्षी रद्दीत जाणाऱ्या त्याच त्या जर्नलऐवजी प्रत्येक गटाने एका प्रकरणाचं मराठी टिपण, पाच सोडवलेली उदाहरणं किंवा एक छोटा प्रोग्रॅम मुक्त लायसन्सखाली तयार करायचा. पुढची बॅच त्यातल्या चुका काढेल आणि भर घालेल. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात असं काम होतंच. तिथे विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध पाठ्यपुस्तकांमधल्या सोडवलेल्या उदाहरणांचे सायलॅब प्रोग्रॅम लिहून सर्वांसाठी खुले केले आहेत.

क्रेडिटचं काय? यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्सेस स्वयमवरून करू देऊ शकतं. पण ते आपोआप होत नाही, विद्यापीठाने तो कोर्स मान्य करावा लागतो. आधी विभागात विचारा, मग परीक्षेची फी भरा.

मर्यादाही लक्षात ठेवा

मुक्त आहे म्हणून बरोबरच असेल असं नाही. प्रोग्रॅमिंग, करकायदा असे विषय लवकर जुने होतात, म्हणून आवृत्तीचं वर्ष बघा. मुक्त पुस्तकातही एखादा फोटो दुसऱ्याच्या परवानगीने छापलेला असू शकतो, त्याखाली तशी ओळ असते. तो फोटो तुम्हाला पुढे वाटता येत नाही. आणि विद्यापीठ पातळीवर मराठीत अजून खूपच कमी साहित्य आहे.

ही शेवटची कमतरता भरून काढायला कोणाची वाट बघायची गरज नाही. तुम्हाला चांगला समजलेला एक टॉपिक घ्या. त्यावरचं मुक्त लायसन्सचं एक प्रकरण शोधा. लायसन्सची ओळ वाचा, मग मराठीत लिहा, खाली श्रेयाच्या चार ओळी टाका आणि ग्रुपवर पाठवा. फक्त क्रम तोच ठेवा: आधी लायसन्स, मग मेहनत. आम्ही तो उलटा केला होता.