लोण्यासारखं फळ

शहरात महाग मिळणारं अवोकॅडो मूळचं मेक्सिकोकडचं. तिथे ते हजारो वर्षं खाल्लं जातंय. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक येईपर्यंत तिथे गाई-म्हशी नव्हत्या, म्हणजे दूध नाही की तूप नाही. तेव्हा जेवणाला स्निग्धपणा द्यायला हा लोण्यासारखा गर कामी यायचा. बायका दगडी खलात गर, मिरची, टोमॅटो, मीठ ठेचून चटणी करत. मक्याच्या भाकरीबरोबर खात. तीच आजची ग्वाकामोली. कांदा, कोथिंबीर, लिंबू तिच्यात मागाहून आले.

यात हृदयाला मानवणारी चरबी, चोथा आणि पोटॅशियम असतं. पण त्यासाठी घरखर्चाला कात्री लावू नका. तशीच चांगली चरबी आपल्या शेंगदाण्यात आणि तिळात आहे. त्या बायकांनीही दारात पिकलेलंच वाटलं होतं.