पॅरिस ते ब्रेस्त : एका शर्यतीची निवड

इसवी सन १८९१ मध्ये, अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने, फ्रान्समध्ये सायकलींच्या दोन लांब शर्यती झाल्या आणि दोहोंनी मिळून एका नव्या खेळाचा पाया घातला. पहिली मे महिन्यात, बोर्दो ते पॅरिस. अंतर सुमारे ५७२ किलोमीटर. दुसरी सप्टेंबरात, पॅरिसहून पश्चिम किनाऱ्यावरील ब्रेस्त बंदरापर्यंत आणि तेथून परत पॅरिसला. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. ज्या फ्रेंच सायकलस्वारास नाव मिळवावयाचे होते त्याच्यापुढे त्या वर्षी एक प्रश्न उभा राहिला, आणि तो आजही प्रत्येक नवख्या स्वारापुढे उभा राहतो : आपली शक्ती कोणत्या शर्यतीसाठी राखून ठेवावी?

त्या काळचे रस्ते कसे होते, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. डांबर अद्याप रस्त्यावर आले नव्हते. मॅकॅडम या स्कॉटिश अभियंत्याने रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे फोडलेल्या खडीचे थर एकावर एक दाबून रस्ता बांधीत. उन्हाळ्यात त्यावर धुळीचे लोट उठत, पावसात तोच रस्ता चिखल होई, आणि दुरुस्तीसाठी नव्याने पसरलेली खडी दिसली की स्वारास उतरून चालणेच शहाणपणाचे वाटे. आपल्याकडे मुरुमाच्या रस्त्यावरून बैलगाडीमागे सायकल चालविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना याची कल्पना सहज येईल. आज खडीच्या रस्त्यावरील सायकल-शर्यत हा एक वेगळा प्रकार मानला जातो. १८९१ मध्ये मात्र रस्त्यावरची प्रत्येक शर्यत खडीचीच होती.

बोर्दो-पॅरिस शर्यत केवळ हौशी स्वारांसाठी होती. इंग्रज स्वार तयारीनिशी आले आणि पहिले चारही क्रमांक घेऊन गेले. त्यांच्यातील मिल्स याने ते अंतर साडेसव्वीस तासांच्या आसपास तोडले. पाचवा आलेला झोझेफ जिएल-लाव्हाल हा फ्रेंचांतील पहिला. फ्रान्सच्या अभिमानाला हा टोला वर्मी लागला. तेव्हा ‘ल प्ती जुर्नाल’ या मोठ्या खपाच्या दैनिकाचा संपादक पिएर जिफार याने दुप्पट अंतराची शर्यत जाहीर केली, आणि ती फक्त फ्रेंच पुरुषांसाठी ठेवली. इंग्रजांना दूर ठेवून मिळविलेला विजय कितपत खरा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. परंतु वृत्तपत्राचा खप त्या प्रश्नावर अवलंबून नव्हता.

या दुसऱ्या शर्यतीत शार्ल तेरों उतरला. तो धंदेवाईक स्वार होता, त्यामुळे बोर्दो-पॅरिसचे दार त्याला बंदच होते. त्याचा जन्म १८५७ सालचा. म्हणजे शर्यतीच्या वेळी त्याचे वय चौतीस. उंच चाकाच्या सायकलींच्या जमान्यात तो नावारूपाला आला होता. लंडनच्या बंदिस्त सभागृहात सहा सहा दिवस चालणाऱ्या शर्यतींत त्याने भाग घेतला होता, आणि निद्रा, भूक व कंटाळा या तिघांशी त्याची जुनी ओळख होती. लहान पल्ल्यात एखाद्या विशीतल्या पोराने त्याला मागे टाकले असते. तीन दिवस आणि तीन रात्रींच्या रस्त्यावर हिशेब निराळा होता. तेथे पायांच्या वेगापेक्षा जागरणाची सवय अधिक मोलाची होती, आणि ती सवय एका मोसमात लागत नाही. पुढे जे घडले त्याचे अर्धे श्रेय या जुळणीला द्यावे लागेल : त्याच्या अंगी जे वर्षानुवर्षे मुरले होते तेच ही शर्यत मागत होती.

उरलेल्या अर्ध्या श्रेयाचा संबंध रबराशी आहे. हवेने फुगविलेला टायर डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे तयार केला होता. खडीवर तो भरीव रबरापेक्षा कितीतरी सुखावह; परंतु तो रिमला चिकटवून पक्का केलेला असे, आणि पंक्चर झाले की दुरुस्तीस तासन्‌तास लागत. क्लेर्मों-फेराँ येथील मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सहज काढता-घालता येणारा टायर तयार केला. तेरोंने आपल्या गाडीला हेच नवे टायर लावले. जिएल-लाव्हालच्या गाडीला डनलॉपचे होते. अशा रीतीने ही शर्यत दोन माणसांबरोबरच दोन कारखान्यांचीही झाली. फारसे पारखलेले नसलेले साधन घेऊन १२०० किलोमीटरांवर निघणे हे धाडसच. पण टायर खडीवर फाटणार हे निश्चित होते. म्हणून तो किती वेळा फाटेल यापेक्षा किती लवकर पुन्हा उभा करता येईल, याचा विचार तेरोंच्या बाजूने झालेला दिसतो.

६ सप्टेंबर १८९१ च्या सकाळी दोनशेहून अधिक स्वार पॅरिसहून निघाले. नावे नोंदविणारे त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. निम्मे लोक आरंभरेषेपर्यंतच आले नाहीत. निघालेल्यांत काही तीनचाकी, काही जोडसायकली आणि एक जुनी उंच चाकाची गाडीही होती. वाटेत गाडी बदलता येऊ नये म्हणून प्रत्येक गाडीला मोहोर लावली होती. रेन, सें-ब्रिएक, गँगां, मॉर्ले अशी गावे मागे टाकीत वाट ब्रेस्तकडे जात होती, आणि ब्रिटनीचा तो मुलूख चढउतारांचा. ब्रेस्तला जिएल-लाव्हाल पुढे होता. तेरोंला पंक्चरांनी गाठले होते. दुरुस्तीत त्याचा वेळ जात होता, पण तो आशा सुटण्याइतका नव्हता.

परतीच्या वाटेवर, तिसऱ्या रात्री, जिएल-लाव्हाल गँगां येथे विश्रांतीसाठी थांबला आणि त्याला झोप लागली. तेवढ्यात तेरों त्या गावातून पुढे निघून गेला. ज्याला आपण पुढे आहोत असे वाटत होते तो जागा झाला तेव्हा मागे पडला होता. ९ सप्टेंबरच्या पहाटे, ७१ तास २२ मिनिटांनंतर, तेरों पॅरिसच्या वेशीशी पोहोचला. जिएल-लाव्हाल आणखी काही तासांनी आला. तेरोंचा सरासरी वेग ताशी सुमारे १७ किलोमीटर पडतो. हा आकडा आज कोणास क्षुल्लक वाटेल. त्याने खडी, अंधार आणि जवळजवळ तीन रात्रींचे जागरण त्यात मिळवून पाहावे. सुमारे शंभर जणांनीच शर्यत पुरी केली, आणि त्यांतील काहींना त्यासाठी कित्येक दिवस लागले.

तेरोंने पुढची निवडही त्याच धोरणाने केली. १८९३ मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्ग ते पॅरिस हे सुमारे ३००० किलोमीटरांचे अंतर चौदा दिवसांहून थोड्या अधिक वेळात कापले. रशियातील रस्त्यांपुढे ब्रिटनीची खडी म्हणजे राजमार्गच!

पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही शर्यत इतकी कष्टाची ठरली की ती दर दहा वर्षांनी भरवावी असे ठरले. १९०१ मध्ये मोरिस गारँ याने ती जिंकली. हाच पुढे १९०३ मध्ये पहिल्या ‘तूर द फ्रांस’चा विजेता झाला. दोन युद्धांच्या आगेमागे धंदेवाईकांचा ओढा आटला. १९५१ नंतर त्यांची शर्यत झाली नाही, आणि हौशी स्वारांची, क्रमांकाविना चालणारी सफर तेवढी उरली. ती आता दर चार वर्षांनी भरते, ९० तासांची मुदत असते, आणि मार्ग सारा डांबरी आहे. तिच्यासाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या सफरी ठरलेल्या वेळात पुऱ्या कराव्या लागतात. पुणे, मुंबई, नागपूर येथील स्वारांनाही या चार पायऱ्या भारतातच चढता येतात. सराव कसा करावा, हे या नियमाने जणू पाठ्यक्रमच आखून दिला आहे.

खडी मात्र त्या वाटेवरून गेली, आणि ज्यांना ती हवी होती त्यांना ती शोधत जावे लागले. इटलीत कियांती भागातील पांढऱ्या मातीचे रस्ते वाचावेत म्हणून १९९७ मध्ये गायोले गावी जुन्या सायकलींची ‘लेरोईका’ ही सफर सुरू झाली. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ मध्ये अवघे ३४ स्वार २०० मैलांच्या खडीच्या शर्यतीस निघाले. तिला आता हजारो लोक येतात. तेथील टेकड्यांना फ्लिंट हिल्स, म्हणजे गारगोटीच्या टेकड्या, असे नाव आहे, आणि ते शब्दशः खरे आहे : तो दगड टायरची बाजू सुरीसारखी कापतो. पाऊस झाला तर तेथील माती चाकात अशी भरते की गाडी खांद्यावर घ्यावी लागते. अंतर ब्रेस्तच्या वाटेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतके, आणि बहुतेकांना एक दिवस पुरतो. म्हणून ज्याला जागरण सोसत नाही पण दगडांची भीती नाही, तो कॅन्ससकडे वळतो. ज्याला रात्र आवडते तो ब्रिटनीकडे. पहिल्याने घरामागच्या मुरुमावर टायर बदलण्याचा सराव धरावा, दुसऱ्याने दिवा लावून पहाटेपर्यंत चालविण्याचा. दोघांच्याही पिशवीत पंक्चर काढण्याचे सामान असतेच.