९ मार्च, दोनदा : मुरगाव बंदर आणि पोर्तुगालची तटस्थता

मुरगाव बंदरात १९४३ साली जर्मन जहाजं जळाली, हे वास्कोकडच्या जुन्या घरांतून ऐकायला मिळतं. पुढे १९८० साली त्यावर ‘सी वुल्व्ज’ हा सिनेमा आला आणि तेव्हापासून ही गोष्ट म्हणजे एक साहसकथाच होऊन बसली. पण त्याच बंदरात सत्तावीस वर्षं आधी घडलेलं फारसं कुणी सांगत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश आरमाराच्या धाकाने जर्मन व्यापारी जहाजं जवळच्या तटस्थ बंदरांत शिरली. लिस्बनमध्ये बरीच, आणि काही आपल्या मुरगावातही. पोर्तुगाल लढत नव्हता, पण त्याने तटस्थताही रीतसर जाहीर केलेली नव्हती. इंग्लंडशी त्याचा १३७३ पासूनचा तह होता. दीड वर्ष ही जहाजं नांगर टाकून पडून राहिली. इकडे पाणबुड्यांमुळे इंग्लंडला जहाजांची चणचण भासू लागली, आणि त्याने पोर्तुगालकडे ही जहाजं मागितली. २३ फेब्रुवारी १९१६ ला लिस्बनमधली ताब्यात घेतली गेली, मागोमाग इतर बंदरांतली. सगळी मिळून सत्तरच्या आसपास. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं.

एवढं वाचलं की वाटतं, बिचारा लहान देश, थोरल्या मित्राने ओढला. माझं मत वेगळं आहे. लिस्बनचं प्रजासत्ताक १९१० चं, म्हणजे अगदी कोवळं. युरोपात मान मिळावा, तहाच्या टेबलावर खुर्ची मिळावी आणि आफ्रिकेतल्या वसाहती हातच्या जाऊ नयेत, म्हणून तिथल्या सत्ताधाऱ्यांतल्या मोठ्या गटाला युद्धात उतरायचंच होतं. जहाजं हे निमित्त झालं. त्याची किंमत भरली ती फ्लँडर्सच्या चिखलात गेलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी. ९ एप्रिल १९१८ च्या लीस नदीकाठच्या लढाईत एका दिवसात त्यांचे हजारो सैनिक मारले वा पकडले गेले.

आता १९४३. पुन्हा तसंच चित्र : एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजं आणि आन्फोरा हे इटालियन. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी खबरा जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात उघड फौज घुसवता येईना, म्हणून कलकत्त्याचे हौशी घोडेस्वार, तेही बरेचसे पोक्त वयाचे, कोचीनमार्गे ‘फीबी’ नावाच्या जुनाट गाळवाहू बोटीतून आले. ८-९ मार्चच्या रात्री ते एरेनफेल्सवर चढले. चकमकीत तिच्या कप्तानासह काही जर्मन मेले. खलाशांनी स्वतःच जहाजं पेटवून बुडवली. हल्ल्याची बातमी ब्रिटिशांनी पुढे कित्येक वर्षं दाबून ठेवली.

बंदरात उघड उघड रक्त सांडलं, तरी या वेळी युद्ध काही पुकारलं गेलं नाही. सालाझारला लढायचं नव्हतं. त्याचा वोल्फ्राम दोन्ही बाजूंना विकला जात होता. पोर्तुगालला शत्रू करून जर्मनीलाही तो गमावायचा नव्हता. त्यामुळे खलाशांनीच आपली जहाजं जाळली, एवढ्यावर भागलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘तेइया मारू’ आणि ‘ग्रिप्सहोम’ ही जहाजं मुरगावच्या धक्क्याला लागली. जपानच्या ताब्यातले अमेरिकन नागरिक एकीवरून उतरून दुसरीवर चढले, आणि जपानी उलट दिशेने. आणि त्याच महिन्यात, त्याच १३७३ च्या तहाचा हवाला देत, ब्रिटिश फौज पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर उतरली.